दुसऱ्या नंबराचे हात

प्रदर्शनाचा इतिहास मला लिहायला सांगण्याआधी सचिवांनी जरा विचार करायला हवा होता. त्या प्रदर्शनात मी एकोणीस वेळा कुत्री उतरवली आणि एकदाही जिंकले नाही. अशा बाईच्या हातात जिंकणाऱ्यांची पंच्याहत्तर वर्षांची यादी द्यायची, याला धाडस म्हणायचं की बावळटपणा, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

"ताई, तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?" ते म्हणाले. "तुमच्या वडिलांनी चाळीस वर्षं रिंगण आखलं. तुम्ही सहा वर्षांच्या असल्यापासून येताय. छोटीशी पुस्तिका करायची. मधली दोन पानं एका संस्मरणीय वर्षाला द्यायची. कुठलं वर्ष, ते तुम्हीच ठरवा."

मी उभ्या उभ्या ठरवलं. एक्कावन्नावं. त्या वर्षी माझी धाकटी बहीण पहिली आली आणि मी दुसरी. त्याला आता चोवीस वर्षं झाली. ती जिंकली नव्हती, तिला जिंकवलं होतं, असं मी इतकी वर्षं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले आहे. कुत्र्यांचे केस कापायचं माझं दुकान आहे. कुत्रं टेबलावर बांधलेलं असतं, त्यामुळे मालकाला जाता येत नाही आणि तो बिचारा ऐकून घेतो. आता तेच छापून आणायची संधी आपल्या पायांनी चालत आली होती.

पुरावा म्हणाल तर एवढाच. त्या वर्षीचे परीक्षक बाहेरगावचे होते, आणि त्यांना स्टेशनवरून मैदानावर आणायला धाकटीचा नवरा गाडी घेऊन गेला होता. स्वयंसेवक म्हणून, म्हणे. वीस मिनिटांचा रस्ता. परीक्षकाने स्पर्धकाशी अवाक्षर बोलायचं नाही असा नियम आहे, पण स्पर्धकाच्या नवऱ्याचं काय, हे लिहून ठेवायचं कुणाला सुचलं नव्हतं. मेहुणा आजही शपथेवर सांगतो की ते दोघं रस्ताभर गाडीच्या टायरबद्दल बोलले. टायरबद्दल वीस मिनिटं कोण बोलतं?

दोन्ही कुत्र्या एकाच वेतातल्या होत्या. बाबांच्या कुत्रीला पाच पिल्लं झाली, त्यातली दोन त्यांनी आम्हा बहिणींसाठी ठेवली. "थोरलीने आधी निवडायचं," बाबा म्हणाले. मी अख्खी सकाळ घेतली. दात बघितले, पाठीवरून हात फिरवला, दोघींना फरशीवर चालवून बघितलं आणि मखमल उचलली. उरली ती धाकटीची. तिने पहिल्याच दिवशी मेहुण्याच्या शर्टाचं बटण गिळलं, म्हणून तिचं नाव बटण. कान एवढेसे, छाती अरुंद, केस कसेतरीच. मला तर तिची दया यायची. मी धाकटीला फुकट कंगवे दिले होते.

आणि ती बटण जिंकली. धाकटी आयुष्यात एकदाच उतरली, जिंकली, आणि परत त्या मैदानात कुत्रं घेऊन गेली नाही. "झालं की एकदा," एवढंच म्हणते. मोठा कप फिरता असतो, पण जिंकणाऱ्याला त्याची एक छोटी प्रत कायमची मिळते. त्या छोट्या कपात ती कपड्यांचे चिमटे ठेवते. मी कधी तिच्याकडे गेले की ही कपडे वाळत घालता घालता माझ्यासमोर त्या कपात हात घालते, आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मुद्दाम करते असं म्हणावं तर तेही नाही. तिला खरोखरच चिमटे ठेवायला काहीतरी हवं होतं.

असो. इतिहास लिहायचा म्हणून मी पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. दुपारी दुकानात गर्दी नसते. धुतलेलं कुत्रं गरम हवेच्या यंत्राखाली बसवायचं आणि शेजारच्या स्टुलावर बसून लिहायचं, असा क्रम पडला. हस्तलिखितात जागोजाग केस चिकटले आहेत, त्याला इलाज नाही.

हे प्रदर्शन जन्मालाच भांडणातून आलं. गावातल्या एका डॉक्टरला वाटायचं की आपला कुत्रा सर्वांत चांगला, आणि त्याच गल्लीतल्या खाटकाला वाटायचं की आपला. दोघं रोज एकमेकांसमोरून कुत्रे फिरवायचे. शेवटी शेजाऱ्यांनी कंटाळून गुरांच्या बाजारामागच्या मोकळ्या जागेत दोऱ्या बांधल्या आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना परीक्षक म्हणून उभं केलं. अकरा कुत्रे आले आणि एक कोकरू, ते चुकून. खाटीक जिंकला, डॉक्टर दुसरा आला. कप द्यायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "मला तो डॉक्टरसाहेबांच्याच हातून हवा." डॉक्टरने दात-ओठ खात कप उचलला आणि देता देता तो हातातून निसटला. निसटला की सोडला, यावर पुढची दहा वर्षं गावात दोन तट होते. कपाचा एक कान तुटला. तेव्हापासून कपाला एकच कान आहे, आणि तेव्हापासूनच दुसऱ्या नंबरवाल्याने टेबलावरून कप उचलून पहिल्याच्या हातात द्यायची पद्धत पडली.

आज चारशे कुत्री येतात, पेपरवाले येतात, परीक्षक विमानाने येतात. पण पद्धत तीच. कप हातात घेऊन नीट बघितलात तर तळाशी, पोटावर, काठावर बारीक बारीक पोचे दिसतील. त्यातला एकही पोचा जिंकणाऱ्याने पाडलेला नाही, हे मी लिहून देते. पुस्तिकेत तसं लिहिलंही होतं. सचिवांनी खोडलं.

एक्कावन्नाव्या वर्षी तो कप मी उचलला आणि धाकटीच्या हातात दिला. तो क्षण प्रदर्शनाच्या कार्यालयाच्या जिन्यात टांगलेला आहे. तिथे सगळ्या विजेत्यांचे फोटो लावलेत, आणि नेमका तिचा फोटो वळणावर, डोळ्यांसमोर येईल असा. धाकटी, बटण, कप, आणि डाव्या बाजूने आत आलेले दोन हात. मनगटापर्यंत. ते माझे. फोटोवाल्याला चौकटीत तेवढीच मी मावले. वर्षातून दहादा मी तो जिना चढते आणि दहाही वेळा माझे ते हात बघते.

तर मला हवा होता पुरावा, आणि तो कुठे असेल हे मला ठाऊक होतं. प्रत्येक परीक्षकाला एक वही देतात. पहिल्या आणि दुसऱ्या कुत्र्यापुढे त्याने दोन ओळी शेरा लिहायचा असतो. पूर्वी हे शेरे मैदानात मोठ्याने वाचून दाखवायचे. नवव्या वर्षी एका परीक्षकाने लिहिलं, "कुत्रा अगदी मालकासारखा, पुढून भारदस्त आणि मागून पोकळ," आणि मालकाने तिथल्या तिथे खुर्ची उचलली. त्या दिवसापासून वह्या वाचायच्या नाहीत, पेटीत टाकायच्या आणि कुलूप लावायचं. इतिहास लिहायचा म्हणून सचिवांनी मला पेटीची किल्ली दिली. देताना हसत म्हणाले, "ताई, खुर्च्या उचलायला लावू नका."

पेटी माडीवरच्या खोलीत होती, मोडक्या खुर्च्या आणि बाबांच्या दोऱ्यांच्या भेंडोळ्यांच्या मागे. एक्कावन्नावी वही वीस-बावीस वह्यांच्या खाली निघाली. मी ती तिथेच, खिडकीत उभी राहून उघडली. मनात वाक्यसुद्धा तयार होतं. "यावरून सुज्ञ वाचकांनी काय ते समजावं." हे वाक्य माझं चोवीस वर्षांपासून तयार होतं.

जांभळ्या शाईत, स्वच्छ अक्षरात दोन शेरे होते.

पहिला क्रमांक, बारा नंबर. "अंगाने बेताची. कान लहान, छाती अरुंद. परंतु पूर्ण वेळ कुत्री मालकिणीकडे आणि मालकीण कुत्रीकडे बघत होती. चाल एकदाही मोडली नाही."

दुसरा क्रमांक, सतरा नंबर. "आजच्या रिंगणातली सर्वांत देखणी कुत्री. तीस वर्षांत अशी पाठ पाहिली नाही. मात्र बाई सारख्या बारा नंबरकडे बघत होत्या, त्यामुळे कुत्रीही तिकडेच बघत राहिली. तीनदा चाल मोडली. नाइलाज."

मी खुर्चीवर बसले. खुर्ची मोडकी निघाली म्हणून परत उठले.

कुत्रं पट्ट्याला असलं की तुमची नजर जिकडे, तुमचा खांदा तिकडे, आणि तुमचा खांदा जिकडे, त्याची मान तिकडे. हे मी स्वतः गिऱ्हाइकांना शिकवते. "समोर बघा, नाहीतर तुमच्या कुत्र्याने तुमच्याकडे का बघावं?" असं दिवसातून दोनदा तरी म्हणते. म्हणजे मी बरोबर होते. चोवीस वर्षं मी म्हणत होते की मखमल सरस होती, आणि ती होती. परीक्षकही तेच म्हणत होते. तिला हरवलं होतं ते मी.

त्या दिवशी मैदानावरून घरी येताना मी मखमलच्या पाठीवरून एकदाही हात फिरवला नव्हता, हे मला तिथे खिडकीत आठवलं. ती माझ्या पायांवर डोकं ठेवून बसली होती. मी गाडीच्या काचेबाहेर बघत होते.

आता खरं सांगते. वाईट वाटलं, रडूही आलं, आणि ते पुसून होईतो मी ठरवलं होतं की अर्धाच शेरा छापायचा. "आजच्या रिंगणातली सर्वांत देखणी कुत्री. तीस वर्षांत अशी पाठ पाहिली नाही." परीक्षकाचेच शब्द, एक अक्षर खोटं नाही. पुढचं गाळलं. बटणचा शेरा मात्र "छाती अरुंद"पर्यंत छापायचा. ज्याला समजायचं त्याला समजेल. मी वही पिशवीत घालून दुकानात आणली, त्या दोन पानांचा मजकूर लिहिला आणि सचिवांकडे पाठवून दिला.

मी हे विसरले की सचिवांना छापण्याआधी फोटोसाठी धाकटीची परवानगी घ्यावी लागणार होती.

ती चौथ्या दिवशी दुपारी आली. मी एका म्हाताऱ्या, चिडक्या कुत्र्याची नखं कापत होते. दार ढकलून आत आली ती सचिवांनी दाखवायला दिलेलं कच्चं छापील पान हातात नाचवत.

"ताई, वाचलं मी. मी म्हणत नव्हते? मखमलच चांगली होती."

"तू कधी म्हणालीस?"

"त्याच दिवशी. गाडीपाशी येऊन म्हणाले. तू काच वर केलीस."

मला काही ते आठवेना, पण मी काच वर केली असणार, यात शंका नाही. ती स्टुलावर बसली आणि पान मांडीवर ठेवून तिने डोळे टिपले. आपल्या कुत्रीची छाती अरुंद होती असं सगळ्या गावासाठी छापून येतंय, आणि ही बया आनंदाने रडतेय. मला तिचा राग आला. चांगुलपणात सुद्धा ही माझ्या पुढेच.

"मला कायम टोचत होतं गं," ती म्हणाली. "घरी तो कप नीट मांडून ठेवायचीसुद्धा लाज वाटायची. तुझा होता तो. म्हणून मग चिमटे टाकले त्यात." नाक पुसून तिने इकडे तिकडे बघितलं. "ती वही बघू तरी. त्या परीक्षकांचं अक्षर कसं होतं?"

वही टेबलावरच होती, ब्रशांच्या डब्याखाली. माझ्या एका हातात कुत्र्याचा पंजा, दुसऱ्या हातात नखं कापायची कात्री. पंजा सोडला असता तर वही आधी मला उचलता आली असती. मी पंजा सोडला नाही. का, ते मला अजून सांगता येत नाही.

ती लहानपणासारखीच ओठ हलवत वाचते. मी तिच्या ओठांकडे बघत राहिले. ती "नाइलाज"पर्यंत पोचली, परत वर गेली आणि परत वाचून आली. आता ही म्हणेल, ताई, तू अर्धंच कसं छापलंस. मी उत्तरही तयार ठेवलं, जागेची अडचण.

"हे चुकीचं लिहिलंय त्यांनी," ती म्हणाली.

"काय चुकीचं?"

"माझ्याबद्दलचं. मी बटणकडे बघत होते ते..." ती थांबली. "ताई, मला तुझ्याकडे बघायची भीती वाटत होती. तू अशी बघत होतीस ना, की मला वाटलं आता वर बघितलं तर मी इथेच रडेन. म्हणून खाली मान घालून बटणकडेच बघत राहिले. ती पण बिचारी घाबरून माझ्याकडे बघत राहिली. बाहेर आल्यावर सगळे म्हणायला लागले, काय एकाग्रता, काय एकाग्रता. कसली डोंबलाची एकाग्रता."

म्हाताऱ्या कुत्र्याने पंजा ओढून घेतला. मी ओढू दिला.

"आणि परत का नाही उतरलीस?"

"तू असायचीस ना तिथे," ती म्हणाली. अगदी साधेपणाने. यात विचारण्यासारखं काय आहे, अशा आवाजात.

म्हणजे मखमलला मी हरवलं आणि बटणला जिंकवलं तेही मीच. मेहुणा खरोखरच टायरबद्दल बोलत होता. चोवीस वर्षं मी ज्याला शोधत होते, तो वशिला मीच लावला होता, नुसत्या डोळ्यांनी.

ती गेल्यावर मी सचिवांना फोन केला आणि सांगितलं, दोन्ही शेरे पूर्ण छापा.

"ताई, पूर्ण?" ते म्हणाले. "तुमच्याबद्दलचंही?"

"'नाइलाज'सकट. आणि बारा नंबरचा शेवटपर्यंत."

धाकटीचं ते भीतीचं वाक्यही घालू का, म्हणून तिला विचारलं, तर नको म्हणाली. "लोक तुला काय म्हणतील?" झालं. इथेही तीच चांगली ठरली. म्हणून ते मी तिला न विचारता इथे लिहिते आहे. पुस्तिकेत नाही.

पंच्याहत्तराव्या प्रदर्शनाच्या दिवशी सचिवांना नवीनच कल्पना सुचली. जुन्या विजेत्यांपैकी जे हयात आहेत त्यांना मैदानात बोलवायचं, आणि त्या त्या वर्षीच्या दुसऱ्या नंबरवाल्याने कप परत एकदा त्यांच्या हातात द्यायचा. फोटोसाठी. हा माणूस खुर्च्या उचलायला लावणार कधीतरी. तेवीस जोड्या निघाल्या. पुस्तिका तोवर हातोहात फिरलेली होती. रांगेत उभी असताना मागून एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "सतरा नंबरवाली ती हीच." मी वळून बघितलं नाही. समोर बघायचं, एवढं तरी आता मी शिकले होते.

जळफळाट गेला का? नाही गेला. धाकटीने नवी साडी नेसली होती आणि ती तिला शोभत होती, तेवढंही मला खुपलं. फोटोवाल्याने आधी तिलाच विचारलं, कुठे उभं राहायला आवडेल. कप टेबलावर होता, एका कानाचा. मी दोन्ही हातांनी उचलला. आठवत होता त्यापेक्षा जड लागला.

मागच्या वेळी देताना मी बटणच्या अरुंद छातीकडे बघत होते. या वेळी खाली बघायला कुत्रं नव्हतं, म्हणून मी धाकटीच्या तोंडाकडे बघितलं. ती छप्पन्न वर्षांची आहे, तिचा एक गुडघा दुखतो, आणि ती कपाकडे बघत नव्हती. ती माझे डोळे बघत होती. आणि घाबरलेली होती, अजूनही, तितकीच.

"समोर बघा, समोर," फोटोवाला ओरडला. आम्ही दोघींनीही बघितलं नाही. मी कप पुढे केला, आणि तिची बोटं त्याच्याभोवती नीट बसेपर्यंत सोडला नाही.